सहाव्या पोझिशनला हात पोचतोय का, ते आधी बघा

पत्र: ताई, लेक सहावीत आहे, साडेअकरा वर्षांची. तिच्या शाळेत यंदापासून बँड आणि छोटा ऑर्केस्ट्रा सुरू होतोय आणि शनिवारपर्यंत फॉर्मवर तीन वाद्यं पसंतीच्या क्रमाने लिहून द्यायचीयेत. फ्लूट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, युफोनियम, व्हायोलिन आणि ड्रम्स असे पर्याय आहेत. २६ जानेवारीच्या परेडला पोलीस बँडमधे ट्रॉम्बोन बघितला तेव्हापासून तिला तेच हवंय, त्याचा आवाज पोटात घुमतो म्हणते. ह्यांचं म्हणणं व्हायोलिन घे, पुढे आपल्या संगीतालाही उपयोगी पडेल. सासूबाई म्हणतात फुंकायची वाद्यं मुलींना शोभत नाहीत, छातीला त्रास होतो, आणि बँडवाल्यांचं वाद्य घरात कशाला. सासरे स्वतः पेटी वाजवतात, त्यांच्या मते आधी पेटीच्या दोन-तीन परीक्षा होऊ देत मग बघू. त्यात दिवाळीनंतर तिला ब्रेसेस लागणारेत, अंगाने लहानखुरी आहे, आणि आम्ही फ्लॅटमधे राहतो. मला संगीतातलं काही कळत नाही. काय लिहू?
– एक आई, कारेलीबाग, बडोदा

उत्तर:

तुमच्या पत्रात चार मोठ्या माणसांची मतं आहेत आणि एका मुलीचं, पण वाद्याच्या आवाजाबद्दल बोललीये फक्त मुलगी. बाकी सगळे उपयोग, शोभा, परीक्षा, दात आणि शेजारी यांच्याबद्दल बोलतायत. हे सगळे विषय खरे आहेत, त्यांना उत्तरं द्यायलाच हवीत आणि मी देतेही, पण क्रम आधी ठरवून घेऊ. पहिल्यांदा आवाज, मग शरीर, आणि बाकीचं सगळं त्याच्या नंतर. कारण वाद्य शिकणं म्हणजे पहिलं वर्षभर रोज वीस-पंचवीस मिनिटं एकटीने बसून बेसूर, फाटका, अर्धवट आवाज काढत राहणं, आणि तेवढं रेटायची ताकद मुलांना एकाच गोष्टीतून मिळते, की आपल्याला जो आवाज काढायचाय तो त्यांच्या कानात आधीपासून वाजत असतो. ज्या मुलाला तो आवाज आवडतच नाही त्याला कितीही सोपं वाद्य द्या, दिवाळीच्या सुट्टीत ते केसमधे जातं आणि पुन्हा बाहेर येत नाही, हे मी इतक्या घरांमधे बघितलंय की आता पालकांनी "सगळ्यात सोपं कुठलं" विचारलं की मी उलट विचारते, तिला कुठलं ऐकायला आवडतं? तुमच्या लेकीने उत्तर आधीच दिलंय. पोटात घुमतो म्हणणाऱ्या मुलीला तो खालचा आवाज खरोखर ऐकू आलाय, चमचमतं पितळ बघून भुललेलं मूल असं बोलत नाही.

म्हणून माझं उत्तर ट्रॉम्बोन. पण एक अट आहे आणि ती लहानखुऱ्या मुलीच्या बाबतीत खरीखुरी अट आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ट्रॉम्बोनला बटणं नसतात. साधारण नऊ फूट नळी, तिचा एक भाग पुढे-मागे सरकतो, त्याला स्लाईड म्हणतात, आणि त्या स्लाईडवर सात जागा आहेत ज्यांना पोझिशन म्हणतात. कुठेही खूण नाही, आकडा नाही, हाताने आणि कानाने शोधायच्या. सगळ्यात जवळची पहिली, मग प्रत्येक पोझिशनला आवाज अर्धा स्वर उतरतो. हे तुम्हाला नाही तर तुमच्या सासऱ्यांना लगेच कळेल, त्यांना वाचून दाखवा: पहिल्या पोझिशनला काळी पाचचा, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पाचव्या काळ्या पट्टीचा, सा धरला तर दुसरीला शुद्ध नी, तिसरीला कोमल नी, चौथीला शुद्ध ध, पाचवीला कोमल ध, सहावीला पंचम आणि सातवीला तीव्र मध्यम. आणि हात अजिबात न हलवता, फक्त ओठ आवळून-सैल करून आणि हवेचा जोर बदलून, एकाच पोझिशनवर सा, प, वरचा सा, वरचा ग असे स्वर निघतात. म्हणजे अर्धं काम ओठांचं आणि अर्धं हाताचं.

आता अट. बँडमधे सगळ्यात पहिलं सप्तक शिकवतात ते काळी पाचचंच असतं, आणि त्यातला अगदी सुरुवातीचा, सा नंतरचा रे, ट्रॉम्बोनवर सहाव्या पोझिशनला येतो. सातवी पोझिशन पहिल्या वर्षात जवळजवळ लागत नाही, पण सहावी पहिल्याच महिन्यात लागते. तिसरी पोझिशन वाद्याच्या भोंग्याच्या जरा अलीकडे असते, चौथी भोंग्याच्या जरा पलीकडे, आणि सहावी म्हणजे मोठ्या माणसाचाही हात बऱ्यापैकी लांब होतो. लहान मुलं तिथे पोचायला खांदा पुढे ढकलतात, मान वळवतात, माऊथपीस (तोंडाला लावायचा भाग) ओठावरून एका बाजूला सरकतो आणि रेच्या जागी काहीतरी भलतंच वाजतं. मग सर ओरडतात आणि मुलाला वाटतं आपल्याला जमत नाही, खरं म्हणजे फक्त हात अजून वाढायचाय.

तर शनिवारच्या आधी हे करा. शाळेत फोन करून बँडच्या सरांना विचारा की लेकीला दहा मिनिटं ट्रॉम्बोन हातात देऊन बघता का, नवीन बँड उभा करणारे सर नाही म्हणणार नाहीत. डाव्या हाताने वाद्य धरायचं, पूर्ण वजन डाव्या हातावर, उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं स्लाईडच्या दांडीवर हलकी. उभं राहून, माऊथपीस ओठांच्या मधोमध ठेवून, मान सरळ. आता सर स्लाईड सहाव्या पोझिशनला नेतील आणि तुम्ही समोरून नाही तर बाजूने बघा: मान वळली का, माऊथपीस सरकला का, डावा हात खाली आला का. बोटांची टोकंच जेमतेम लागतायत पण मान सरळ आहे तर चालेल, सहा-आठ महिन्यांत हात वाढतो, या वयात मुली भराभर उंच होतात. मान वळल्याशिवाय पोचतच नसेल तर चालणार नाही, तिथे हट्ट करायचा नाही.

पोचला नाही तर रडारड नको, कारण त्याच फॉर्मवर युफोनियम आहे आणि ते दुसऱ्या नंबरवर लिहायचंय. युफोनियमची नळी ट्रॉम्बोनइतकीच लांब, फक्त गुंडाळलेली आणि स्लाईडऐवजी बटणं. तोच काळी पाचचा सा, तेच सा-प-सा-ग ओठांवर, माऊथपीसही जवळपास त्याच मापाचा. एक वर्ष युफोनियम वाजवलेली मुलगी ट्रॉम्बोनवर गेली की ओठ आणि श्वास तयार असतात, फक्त हाताला जागा शिकवाव्या लागतात. आवाजही त्याच उंचीचा, जरा गोल आणि मऊ, पोटात तोही घुमतो. आणखी एक सोय म्हणजे काही ट्रॉम्बोनला मागे जास्तीची नळी आणि अंगठ्याने दाबायची कळ असते, ती दाबली की तोच अडचणीचा रे पहिल्या पोझिशनलाच मिळतो, पण असं वाद्य जड असतं आणि महागही, शाळेकडे असेल तरच विचार करा, त्यासाठी विकत घ्यायला जाऊ नका. हलके प्लास्टिकचे ट्रॉम्बोनही मिळतात, साधारण आठशे ग्रॅमचे, वजनाचा प्रश्न सुटतो पण हाताच्या लांबीचा नाही.

तिला ट्रायलच्या आधी घरी एक करायला सांगा. ओठ ओले करून, हलके मिटून, "म" म्हणताना असतात तसे, त्यातून हवा सोडून फुर्रर्र असा आवाज काढायचा, लहान मुलं गाडी चालवताना काढतात तो. गाल फुगता कामा नयेत, ओठांचे कोपरे घट्ट. हाच सगळ्या पितळी वाद्यांचा पाया, ट्रम्पेटपासून ट्यूबापर्यंत, आवाज ओठ काढतात आणि वाद्य फक्त त्याला मोठं आणि गोड करतं. दोन मिनिटांत तिला तो फुर्रर्र वर-खाली करता आला, एखाद्या गाण्याची चाल त्यावर काढता आली, तर सरांना जाऊन दाखवू दे.

आता ब्रेसेस. इथे तुमची काळजी रास्त आहे पण ट्रॉम्बोनच्या बाबतीत कमी आहे. पितळी वाद्याचा माऊथपीस ओठांवर टेकतो आणि ओठांच्या मागे तार असते, जितका माऊथपीस लहान तितका दाब एका जागी जास्त. म्हणून ट्रम्पेटवाल्या मुलांना ब्रेसेस सगळ्यात जास्त टोचतात, ट्रॉम्बोन आणि युफोनियमच्या मोठ्या माऊथपीसला ओठांना हलायला जागा असते. पहिले दोन-तीन आठवडे आवाज बिघडेल, उंच स्वर जातील, मग परत येतील. डेंटिस्ट तारेवर लावायचं मेण देतात ते केसमधेच ठेवा, आणि तार लावायच्या आधी त्यांना सांगून ठेवा की मुलगी असं वाद्य वाजवते. माझ्या मते दिवाळीची वाट न बघता आत्ता सुरू केलेलं बरं, तेवढ्यात ओठांना सवय होते आणि माऊथपीस तोंडावर दाबून वाजवायची खोड लागलीये का तेही कळतं. ती खोड ब्रेसेस नसतानाही वाईटच.

सासूबाईंच्या मुद्द्यावर मी जरा थांबते, कारण हा मुद्दा जगभर लोकांनी मांडलाय. १९७८ मधे अमेरिकेत एबल्स आणि पोर्टर या दोघांनी लोकांना विचारून बघितलं होतं की कुठलं वाद्य मुलींचं आणि कुठलं मुलांचं वाटतं, तर फ्लूट, व्हायोलिन, क्लॅरिनेट मुलींच्या बाजूला गेली आणि ड्रम्स, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन मुलांच्या बाजूला. तिकडेही हेच. आणि याचा त्रास काय होतो ते ॲबी कोनंट या बाईंच्या बाबतीत दिसलं. १९८० मधे म्युनिक फिलहार्मोनिकने ट्रॉम्बोनवादकाच्या जागेसाठी पडद्याआडून ऑडिशन घेतली, वाजवणारा कोण ते परीक्षकांना दिसत नव्हतं, आणि निवड हिची झाली. बोलावण्याच्या पत्रावर तिला पुरुष समजून नाव लिहिलेलं होतं. पडद्यामागून बाई बाहेर आली, आणि पुढे तिला मुख्य जागेवरून दुसऱ्या जागेवर ढकललं, छातीत पुरेशी ताकद आहे का म्हणून फुप्फुसांच्या तपासण्या द्यायला लावल्या, त्यात ती उत्तम ठरली, तरी कोर्टकचेरी १९९३ पर्यंत चालली आणि ती जिंकली. हे सासूबाईंना भांडण म्हणून नका सांगू, गोष्ट म्हणून सांगा. छातीचा प्रश्न तिथे डॉक्टरांनीच मोजून निकालात काढला होता.

तब्येतीचं साधं उत्तर असं की निरोगी मुलीला फुंकण्याने छातीला अपाय होत नाही, उलट पोटातून लांब श्वास घ्यायची आणि हळू सोडायची सवय लागते. दमा वगैरे असेल तर मात्र तिच्या डॉक्टरांना विचारूनच सुरू करा, तो निर्णय माझा किंवा बँडच्या सरांचा नाही.

आणि "बँडवाल्यांचं वाद्य". हे वाक्य मला फार लागतं. लग्नाच्या वरातीत भर उन्हात, चालता चालता, समोर कागद नसताना, नवं गाणं आठवड्याभरात कानाने बसवून वाजवणारी ती माणसं आहेत, त्यातल्या कितींचे वडील-आजोबाही तेच वाजवत होते, आणि त्यांच्या हातातली पितळी वाद्यं बहुतेक मेरठच्या जली कोठी भागात बनतात, तिथे पिढ्यान्‌पिढ्या हाच धंदा आहे. त्यांना आपण नीट पैसे देत नाही, नाव विचारत नाही आणि वर त्यांच्या वाद्याला नावं ठेवतो. हिंदी सिनेमाच्या जुन्या गाण्यांमधली ट्रम्पेट, सॅक्सोफोन, व्हायोलिन ज्यांनी वाजवली त्यात गोव्याची माणसं किती होती, चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून आलेली, ती गाणी सासूबाईंनाही आवडत असतील. आणि हे तरी बडोद्यात कुणी बोलू नये. सयाजीराव महाराजांच्या काळात १८८६ मधे मौलाबक्षांनी इथे गायनशाळा सुरू केली, सर्वसामान्य घरातल्या मुलांना नोटेशन लिहून संगीत शिकवायचं हे त्या काळात धाडसाचं होतं, आणि तीच शाळा आज विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्सची फॅकल्टी आहे, सूरसागर तलावाच्या जवळ, तुम्ही रोज तिथून जात असाल. महाराजांच्या दरबारात आपलं गाणं होतं आणि पाश्चात्त्य बँडही होता, एकामुळे दुसरं बाटलं असं कुणाला वाटलं नाही.

सासरेबुवांना माझा नमस्कार सांगा, कारण या सगळ्यात लेकीचं सगळ्यात मोठं भांडवल तेच आहेत. पेटीच्या परीक्षा आधी पाहिजेत का, तर नाही. प्रारंभिक, प्रवेशिका करून मग पितळी वाद्य घ्यायचं म्हटलं तर दोन-तीन वर्षं जातील, शाळेचा बँड तिच्याशिवाय पुढे गेलेला असेल आणि तिची हौसही राहिली तर राहिली. पण पेटी बाजूला ठेवायची नाही, उलट रोज लागेल. ट्रॉम्बोनवर जागांना खुणा नसतात म्हटलं ना, तिथे कानच सगळं, आणि कानाला आधार घरात बसलाय. आजोबांनी पेटीवर काळी पाचचा सा दाबून धरायचा, भाता सावकाश, आणि नातीने त्या सा वर आपला सा लावायचा, दोन आवाजांमधली थरथर थांबेपर्यंत. मग त्याच सा वर पंचम. मग स्लाईडने सा पासून खालच्या नी वर यायचं आणि परत सा ला जायचं. दहा मिनिटं एवढंच. असा रियाज ज्या मुलांना मिळतो त्यांचे स्वर वर्षभरात इतके पक्के होतात की बँडमधे बाकीची मुलं त्यांच्याकडे बघून आपला स्वर लावतात. आणि आजोबांना एक गोष्ट फार आवडेल, पेटीवर मींड निघत नाही, ट्रॉम्बोनवर निघते. स्लाईड हळू सरकवली की स्वर स्वराला न तुटता जोडला जातो. सरांना सुरुवातीला ते आवडणार नाही, त्यांना प्रत्येक स्वर जिभेने "तु" म्हणून वेगळा काढलेला हवा असेल आणि शिकताना त्यांचंच ऐकायचं, पण घरी आजोबांसमोर भूपाच्या चार स्वरांवर मींड घेऊन बघायला काय हरकत आहे.

हाच काळी-पांढरीचा हिशोब बाकीच्या वाद्यांनाही लावता येतो आणि आजोबांनी तो समजून घेतला तर शाळेचे कागद घरी वाचताना गोंधळ होणार नाही. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटवर मूल जेव्हा कागदावरचा पहिला "सी" वाजवतं तेव्हा पेटीवर काळी पाच वाजते. ऑल्टो सॅक्सोफोनवर तोच "सी" काळी दोन निघतो. फ्लूट आणि व्हायोलिनवर मात्र पांढरी एकच. ट्रॉम्बोनच्या कागदावर जे लिहिलंय तेच पेटीवर वाजतं, फक्त तो खालच्या आवाजाच्या चिन्हात लिहितात, त्या रेघा वेगळ्या वाचाव्या लागतात.

तिसऱ्या नंबरवर क्लॅरिनेट लिहा. कारण सांगते. तिचाही खालचा आवाज भरीव, लाकडी, पोटातला, आणि बँडमधे क्लॅरिनेट बऱ्याच लागतात त्यामुळे जागा मिळते. ओठांची फुर्रर्र इथे नाही, माऊथपीसला बांधलेली रीड नावाची पातळ पट्टी हलते, वरचे दात माऊथपीसवर टेकतात आणि खालचा ओठ खालच्या दातांवरून आत दुमडतो, म्हणजे ब्रेसेसचा त्रास खालच्या तारेचा, तिथे मेण. एकच बघायचं, बोटं. क्लॅरिनेटवर काही छिद्रं उघडी असतात, बासरीसारखी बोटांच्या गादीने पूर्ण झाकावी लागतात, बोट बारीक असेल आणि एका कडेने हवा गळली की किंचाळी निघते. लहानखुऱ्या मुलींना हा त्रास होतो, पण तोही वाढत्या वयात जातो. रीड दीड किंवा दोन नंबरची घ्या, जाड घेतली की मुलं दमतात. आणि घ्यायचीच वेळ आली तर पहिली क्लॅरिनेट प्लास्टिकचीच, लाकडी नको, बडोद्याचा कोरडा उन्हाळा आणि मग एकदम पावसाळा यात लाकूड तडकतं, सांधे फुगून अडकतात.

तुमच्या ह्यांचं व्हायोलिनचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. व्हायोलिन खरंच दोन्हीकडे चालतं. पण शाळेच्या ऑर्केस्ट्रात ते खांद्यावर हनुवटीखाली धरतात आणि तारा पाश्चात्त्य पद्धतीने लावलेल्या, आपल्याकडे मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पायावर टेकवून, तारा सा-प मधे लावून. डावा हात दोन्हीकडे वेगळा चालतो, इकडचं शिकलं की तिकडचं आपोआप येतं असं नाही, पुन्हा बसून शिकावं लागतं. तिला उद्या तो आवाज आवडला तर जरूर, व्हायोलिनला उशीर झाला असं बारा-तेराव्या वर्षीही होत नाही. आज फक्त उपयोगी म्हणून नको.

बाकीची थोडक्यात. फ्लूटला रीड नाही, काठावर फुंकायचं, अर्धी हवा बाहेर जाते म्हणून पहिल्या आठवड्यात मुलांना गरगरतं, बासरी वाजवलेली असेल तर लवकर जमतं. वरच्या ओठाच्या मधे थेंबासारखं टोक खाली आलं असेल तर हवेची धार दुभंगते आणि जास्त मेहनत लागते. सॅक्सोफोन शरीराने पितळी पण रीडमुळे लाकडी वाद्यांच्या घरातला, अडॉल्फ साक्सने १८४६ मधे पेटंट घेतलेला, म्हणूनच नेहमीच्या सिंफनी ऑर्केस्ट्रात त्याची कायमची खुर्ची नाही. पहिला आवाज चटकन निघतो, आणि त्यामुळेच अर्ध्या वर्गाने तोच लिहिलेला असणार. ड्रम्सचंही तसंच, आणि तिथे सुरुवातीला ड्रमसेट मिळत नाही, रबरी पॅड आणि काठ्या मिळतात आणि सोबत पट्ट्यांचं छोटं वाद्य वाचून वाजवावं लागतं, हे मुलांना आधी सांगत नाहीत म्हणून सांगतेय.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाही पण ते येणारच. ट्रॉम्बोन, युफोनियम असली मोठी वाद्यं बहुतेक शाळा स्वतः घेतात आणि मुलांना वापरायला देतात, तेव्हा आधी तेच विचारा, घरी न्यायला देतात का हेही. फक्त माऊथपीस तिचा स्वतःचा घ्या, दुसऱ्याच्या तोंडचा नको, सुरुवातीला बाख कंपनीच्या मापात १२सी किंवा साडेसहा एएल चालतो, पण घ्यायच्या आधी शाळेच्या ट्रॉम्बोनला मागची दांडी बारीक बसते की जाड ते सरांकडून विचारून घ्या, नाहीतर बसणारच नाही. ऑनलाईन अगदी स्वस्तात मिळणारे नवेकोरे चकाकते ट्रॉम्बोन घेऊ नका. त्यांची स्लाईड सरळ नसते, अडकते, आणि मुलीला वाटतं आपला हात जड आहे. स्लाईड हाच या वाद्याचा जीव, तिला एक पोचा आला की संपलं. म्हणून घरी पहिला नियम: स्लाईडचं कुलूप लावल्याशिवाय वाद्य उचलायचं नाही आणि जमिनीवर ठेवायचं नाही, पलंगावर तर मुळीच नाही, कुणीतरी बसतंच.

आणि त्यातून जे पाणी टपकतं ते थुंकी नाही, श्वासातली वाफ थंड पितळावर गार होऊन जमते ते पाणी, थुंकी असली तर नावाला. हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवा आणि खाली एक जुना टॉवेल अंथरा.

फ्लॅटचा प्रश्न वेळेने सुटतो. संध्याकाळी सहा ते सात, रोज तीच वेळ, वीस मिनिटं, आणि वरच्या-खालच्या-शेजारच्या घरी लेकीला स्वतःला जाऊन सांगू दे की काकू मी ट्रॉम्बोन शिकतेय, या वेळेला आवाज येईल. मूल स्वतः सांगायला आलं की लोक सहसा कुरकुर करत नाहीत, उलट परीक्षेच्या दिवसात कुणाचा दहावी-बारावीचा मुलगा असेल तर ते तुम्हाला सांगतील आणि तुम्ही वेळ बदलाल. भोंग्यात घालायचा प्रॅक्टिस म्यूटही मिळतो, आवाज खूप कमी होतो, पण रोज नको, त्याने फुंकताना हवा अडते आणि नव्या मुलीला खोटी सवय लागते. फक्त कुणी आजारी असेल, रात्र झाली असेल तेव्हा.

तर फॉर्मवर: एक ट्रॉम्बोन, दोन युफोनियम, तीन क्लॅरिनेट. खाली शेरा लिहायला जागा असेल तर लिहा की हात सहाव्या पोझिशनला पोचत नसेल तर पहिलं वर्ष युफोनियम आणि मग ट्रॉम्बोन अशी आमची तयारी आहे. नव्या बँडमधे खालच्या आवाजाची वाद्यं कुणी लिहीत नाही, सरांना ती जागा भरायची चिंताच असते, असा शेरा वाचून ते तुमच्या लेकीचं नाव बाजूला काढून ठेवतील. ट्रायलला शक्यतो आजोबांना घेऊन जा, सर स्लाईड सरकवतील तेव्हा स्वर कुठे उतरतोय ते त्यांना कळेल. आणि झालं की मला कळवा, मान सरळ राहिली का ते.